जवळचा आवाज : नांदेड-लातूर भागातील नभोवाणी व दूरदर्शन

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामीण कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नभोवाणी आणि दूरदर्शन यांच्या राज्यव्यापी जाळ्याविषयी मी आपल्याशी बोलावे, असे मला सुचविण्यात आले आहे. अशा विषयावर बोलताना प्रक्षेपकांची संख्या, त्यांची शक्ती आणि व्याप्तीची टक्केवारी सांगण्याची एक रूढ पद्धत आहे. टक्केवारीला महत्त्व आहेच. परंतु ती ऐकून घरी परतलेल्या माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून आज मी या विषयाला दोन मापे लावणार आहे. आवाज किती दूर पोहोचतो, हे पहिले माप. तो कोणासाठी बोलतो आणि ऐकणाऱ्याचे म्हणणे त्याच्याकडे परत जाते की नाही, हे दुसरे. पहिल्या मापाने पाहिले तर मराठवाड्याने गेल्या पाऊणशे वर्षांत मोठी मजल मारली आहे. दुसऱ्या मापाचा हिशेब मात्र अद्याप पुरा झालेला नाही. तो पुरा करण्यात शासनाचा, प्रसार भारतीचा आणि आपला सर्वांचाच वाटा आहे.

दरबाराचा आवाज

महाराष्ट्राच्या इतर भागांत नभोवाणीची कथा मुंबईपासून सुरू होते. आपल्याकडे ती हैदराबादपासून सुरू होते. निजामाच्या संस्थानात १९३५ मध्ये हैदराबादला नभोवाणी सुरू झाली आणि पुढे औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, संस्थानाचे केंद्र निघाले. देशातील अनेक मोठ्या शहरांत नभोवाणी नव्हती, त्या काळात मराठवाड्याच्या भूमीवर एक केंद्र होते, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नाही.

परंतु केंद्र आपल्या भूमीवर असणे आणि ते आपले असणे या भिन्न गोष्टी आहेत. संस्थानात बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू व कन्नड बोलणारी होती. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. नभोवाणी राज्यकर्त्यांच्या हाती होती आणि तीवरून काय बोलायचे हे दरबार ठरवीत असे. १९४७-४८ च्या धुमश्चक्रीच्या दिवसांत तर ती संस्थानाच्या प्रचाराचे प्रमुख साधन बनली. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. ज्या गावांना त्याच्या संघटनेची झळ बसली, त्या गावांच्या वेदनेला हैदराबादच्या नभोवाणीवर जागा नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने युद्धबंदीची घोषणा केली, तीही याच नभोवाणीवरून. पाच दिवसांच्या पोलीस कारवाईचा शेवट झाला आणि मराठवाडा मुक्त झाला. आपण दरवर्षी साजरा करतो तो मुक्तिसंग्राम दिन हाच. ज्या यंत्रातून इतके दिवस दरबार बोलत होता, त्याच यंत्रातून दरबाराची शरणागती लोकांनी ऐकली. प्रक्षेपक तोच राहिला, लहरी त्याच राहिल्या. त्यांच्यावरचा अधिकार बदलला. सार्वजनिक प्रक्षेपण या शब्दातील 'सार्वजनिक' या अर्ध्या भागाचा अर्थ मराठवाड्याला अशा रीतीने प्रत्यक्ष अनुभवातून कळला.

पुण्याचा प्रयोग

१९५० मध्ये हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली. औरंगाबादचे केंद्र मात्र पुढे बंद पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. त्या वेळी त्याच्याजवळ स्वतःचे असे एकही केंद्र नव्हते.

योगायोग असा की, १९५६ सालीच पुण्यात एक असा प्रयोग झाला, ज्याची दखल पुढे जगाने घेतली. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोता मंडळे स्थापन केली. गावातील वीसएक माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत. अर्ध्या तासाचा शेतीविषयक किंवा ग्रामजीवनावरचा कार्यक्रम ऐकत. रेडिओ बंद झाला की खरी बैठक सुरू होई. ऐकलेल्या विषयावर चर्चा होई, गावात काय करता येईल याचा निर्णय घेतला जाई आणि उरलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठविले जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत या प्रयोगाचे मूल्यमापन झाले. त्यासाठी तीन प्रकारची गावे निवडली होती : श्रोता मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. श्रोता मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसून आले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र ती वाढ किरकोळ होती.

मित्रहो, या निष्कर्षाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. पेटी आणून चावडीत ठेवली म्हणजे काम झाले, असा समज तेव्हाही होता. पेटीमुळे आवाज गावात आला. परंतु गावाला शहाणपण आले ते पेटीभोवती बसून बोलल्यामुळे आणि आपला प्रश्न केंद्रापर्यंत पाठविल्यामुळे. पुढे १९५९ पासून श्रोता मंडळांची योजना देशभर विस्तारण्यात आली. मराठवाडा या पहिल्या प्रयोगाच्या बाहेर होता, कारण प्रयोग झाला तेव्हा तो या राज्यातच नव्हता. निष्कर्ष मात्र आपल्यालाही तितकाच लागू आहे.

ज्यांचे वय आज साठी-सत्तरीचे आहे, त्यांना ग्रामपंचायतीचा रेडिओ आठवत असेल. राज्य शासनाच्या प्रसिद्धी खात्याची ग्रामीण प्रक्षेपण शाखा असे संच गावोगाव बसवीत असे आणि त्यांची देखभाल करीत असे. वीज सर्वत्र नव्हती, म्हणून संच बॅटरीवर चालत. बॅटरी उतरली की गावचा आवाज बसे. खाजगी रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे. ती परवाना पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली.

परभणी : शेतीचा सोबती

१९६८ साली परभणीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि मराठवाड्याला पुन्हा स्वतःचा आवाज मिळाला. १३०५ किलोहर्ट्झ ही त्याची मध्यम लहरींवरची जागा नांदेड, लातूर, बीड, धाराशिव या भागांतील एका पिढीला तोंडपाठ होती.

मध्यम लहरींचा गुण असा की, दिवसा त्या जमिनीच्या कडेकडेने दूरवर पसरतात. मधे टेकडी आली तरी त्या अडून बसत नाहीत. त्यामुळे एका केंद्रातून अनेक जिल्ह्यांचे काम भागते. दोष असा की, रात्री त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर जातात. तशाच दूरच्या केंद्रांच्या लहरी आपल्याकडे येतात. म्हणून रात्री परभणी लावावे तर मधेच भलत्या भाषेतील गाणे घुसे. नांदेड-लातूरच्या श्रोत्याने ही खरखर सोसली, कारण तीतून येणारी माहिती त्याच्या कामाची होती.

ती कामाची का होती? परभणी केंद्र निघाले आणि चारच वर्षांनी, १८ मे १९७२ रोजी, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच गावात एकीकडे संशोधन आणि दुसरीकडे ध्वनिक्षेपक, असा सुयोग जुळून आला. विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र नांदेडला आणि तेलबिया संशोधन केंद्र लातूरला. 'नांदेड-४४' या नावाने शेतकऱ्यांना परिचित झालेले एन. एच. एच. ४४ हे संकरित कापसाचे वाण नांदेडच्याच केंद्राचे. असे वाण तयार होणे हे निम्मे काम. ते केव्हा पेरावे, दोन ओळींत अंतर किती ठेवावे, बोंडअळी दिसली तर पहिल्या आठवड्यात काय करावे, हे शेतकऱ्याच्या कानी वेळेवर पडणे हे उरलेले निम्मे. मिरगाचा पाऊस पडून तिफण चालू झाल्यावर आलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी त्या हंगामापुरता वाया गेलेला असतो.

त्याच १९७२ साली मराठवाडा भीषण दुष्काळात सापडला. दुष्काळी कामांवर स्त्री-पुरुष खडी फोडत होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन झाले. ती घटना राज्याला अभिमानास्पद होती; परंतु त्या वर्षी खडीच्या ढिगावर बसलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नव्हता. त्याला माहिती मिळण्याचे साधन होते ते रेडिओच.

चित्राची प्रतीक्षा

मुंबईचे दूरदर्शन पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपकामुळे पुण्यात दिसू लागले. मराठवाडा त्यापासून फार दूर होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात 'साइट' हा उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट चित्र आले. गावात जाळीची तीन मीटर व्यासाची अँटेना आणि तिच्याशी जोडलेला सार्वजनिक संच, अशी ती व्यवस्था होती. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आपल्या शेजारचे गुलबर्गा, रायचूर आणि मेदक हे जिल्हे त्यात होते. १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्याचे घटक होतो. सीमेपलीकडच्या नातलगाकडे गेलेल्या माणसाने चावडीपुढे चित्र पाहावे आणि परतल्यावर आपल्या गावात ते सांगावे, असा तो काळ होता.

३० ऑगस्ट १९८३ रोजी 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह अवकाशात गेला आणि परिस्थिती झपाट्याने पालटली. देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले. अशा प्रक्षेपकाची पोच शहर आणि आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरपुरती. खेड्यांपर्यंत जायचे तर उंच जागा आणि अधिक शक्ती हवी. त्यासाठी म्हैसमाळच्या डोंगरावर आणि बालाघाटच्या पठारावर अंबाजोगाईला उच्चशक्ती प्रक्षेपक उभारण्यात आले. अंबाजोगाईचा मनोरा लातूर आणि बीड भागातील कित्येक गावांची खूण बनला. घरावरच्या अँटेनाचे तोंड त्या दिशेला वळवून कुटुंबेच्या कुटुंबे 'आमची माती आमची माणसं' पाहत. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि ५ एप्रिल २००० पासून ती 'सह्याद्री' या नावाने ओळखली जाऊ लागली.

चित्राच्या या विस्ताराने राज्याचे कानाकोपरे एकत्र आले, ही फार मोठी गोष्ट झाली. तथापि हा विस्तार मुख्यतः एकाच दिशेचा होता. मुंबईचे चित्र लातूरला दिसू लागले. लातूरचे चित्र लातूरला दिसण्याची सोय त्या मानाने थोडी होती. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडील सारा गाव शेतात लोटतो. भज्जी, आंबील, कडब्याची खोप आणि पाच पांडवांची पूजा यांनी येळवस साजरी होते. हा सण बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. लातूरच्या लेकराला तो समजावून सांगावा लागत नाही, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या वाहिनीलाही लागू नये. जवळचा आवाज म्हणतात तो हाच.

नांदेड : जिल्ह्याचे केंद्र

या विचारातूनच स्थानिक नभोवाणी केंद्रांची कल्पना पुढे आली. देशातील असे पहिले केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोविल येथे सुरू झाले. एका जिल्ह्यापुरते क्षेत्र, छोटा कर्मचारी वर्ग, स्टुडिओत बसून राहण्याऐवजी गावात जाऊन ध्वनिमुद्रण आणि श्रोत्याच्या बोलीत संभाषण, अशी त्यामागची धारणा होती. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांना अशी केंद्रे मिळाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी नांदेडला १०१.१ मेगाहर्ट्झवर एफएम केंद्र सुरू झाले.

नांदेडसारख्या जिल्ह्याला अशा केंद्राची गरज का आहे, हे जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे कळते. देगलूर-बिलोलीकडे मराठीच्या जोडीने तेलुगू आणि कन्नड कानी पडते. शहरात उर्दू आहे आणि सचखंड श्री हुजूर साहिबमुळे पंजाबी आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली आहेत. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या सगळ्या बोली एका मैदानात ऐकू येतात. इतक्या विविध श्रोतृवर्गाशी पुण्या-मुंबईहून एकाच ठशाच्या भाषेत बोलणे शक्य असले तरी ते पुरेसे नाही.

एफएमचा आवाज स्वच्छ असतो. रात्रीची ती खरखर येथे नाही. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजापाशी थांबतात. डोंगराची आड आली की त्या अडतात. कामानिमित्त किनवट-माहूरकडे जाताना मी हे वारंवार अनुभवले आहे. घाटाचे वळण आले की बातम्यांतील वाक्य अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या चढावर दुसरेच वाक्य ऐकू येते. म्हणजे ज्या दुर्गम वस्त्यांना जवळच्या आवाजाची अधिक निकड आहे, तेथेच तो अडखळतो. २८ एप्रिल २०२३ रोजी देशभरात १०० वॅट शक्तीच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले. अशा उणिवा भरून काढणे हाच त्यांचा हेतू आहे. अशा छोट्या प्रक्षेपकाने आवाज डोंगरापलीकडे जातो. त्या आवाजात डोंगरापलीकडच्या माणसाचा प्रश्न असेल की नाही, हे मात्र प्रक्षेपक ठरवीत नाही.

लातूरचा धडा

आता मी अशा प्रसंगाकडे येतो, ज्याचा उल्लेख केल्यावाचून लातूरमध्ये या विषयावर बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसराला भूकंपाचा धक्का बसला. अधिकृत नोंदीप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

इतकी प्राणहानी कशामुळे झाली, याचे उत्तर अभ्यासकांनी दिले आहे. आपल्याकडील जुनी घरे म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी ही घरे धक्का बसताच आतल्या माणसांवर कोसळली. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण असे की, किल्लारी परिसराला हा पहिला धक्का नव्हता. वर्षभर आधी, १९९२ च्या पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत, तेथे अनेक हादरे जाणवले होते. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले आणि हादरे थांबल्यावर पुन्हा घरात गेले. दगड-मातीची भिंत धक्क्याने का ढासळते आणि लाकडी आधार कोठे द्यावा, हे ज्ञान अभियंत्यांपाशी होते. ते आणि गाव यांच्यामध्ये रोजच्या बोलण्याचा पूल नव्हता. लातूर जिल्हा १९८२ मध्ये निर्माण झाला खरा. परंतु त्या वेळी जिल्ह्याचे स्वतःचे नभोवाणी केंद्र नव्हते.

केंद्र असते तर अनर्थ टळला असता, असे मी म्हणणार नाही. भूकंपाचे भाकीत आजही करता येत नाही आणि गरीब माणसाला घर बदलणे एका भाषणाने जमत नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. ज्या वर्षी जमीन हादरत होती, त्या वर्षी गावाचे प्रश्न रोज ऐकून रोज उत्तर देणारा जवळचा आवाज हवा होता. दुर्घटनेनंतर देशाच्या आणि जगाच्या वाहिन्यांनी किल्लारीची बातमी सर्वदूर पोहोचविली आणि त्यामुळे मदतीचा ओघ आला. ते कार्य थोरच होते. परंतु ती किल्लारीविषयीची वार्ता होती, किल्लारीसाठीची नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाचे प्रश्न निराळे होते : आमची माणसे कोणत्या रुग्णालयात आहेत, पुन्हा धक्का येणार ही अफवा खरी की खोटी, नव्या गावठाणात आमचा वाडा कोणत्या बाजूला, पडझड झालेल्या घराची दुरुस्ती मी स्वतः केली तर साहाय्य मिळेल काय?

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसन कार्यक्रमात दुरुस्तीची कामे घरमालकांच्या सहभागाने झाली आणि लाखाहून अधिक घरांचे बळकटीकरण झाले. घरमालकाला भिंतीतील दगडांची सांधणी समजावून सांगावी लागली. म्हणजे शेवटी पूल बांधावाच लागला. तो आपत्तीनंतर बांधला गेला.

आजचे आव्हान

हा धडा इतिहासजमा झालेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे भूगर्भातून आवाज आणि हादरे जाणवले. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांत पुराचे पाणी शिरले, माणसे दगावली आणि बचावकार्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. अशा रात्री वीज जाते, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडतात आणि जेथे ते चालू असतात तेथे खऱ्या निरोपाच्या आधी अफवा पोहोचते. दोन सेलवर चालणारा रेडिओ अशा वेळी फार मोलाचा असतो. भ्रमणध्वनी संचांतील एफएमची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र शासनाने २०२३ मध्ये उत्पादकांना केली, ती याच कारणासाठी.

दुसरीकडे जाळ्याचे रूप पालटत आहे. दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक देशभर बंद झाले आहेत. अँटेनाची जागा डीडी फ्री डिशच्या तबकडीने घेतली आहे. प्रक्षेपण यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. उपग्रह आणि आंतरजाल यांमुळे एका ठिकाणचा कार्यक्रम राज्यातील सर्व केंद्रांवरून एकाच वेळी देणे आता सोपे व स्वस्त झाले आहे.

या सोयीतच एक धोका आहे. सहक्षेपण सोपे झाले की केंद्रे हळूहळू नुसती सहक्षेपक बनतात. प्रसार भारतीत कायम कर्मचाऱ्यांची संख्या अनेक वर्षे घटत आली आहे, आणि मनुष्यबळ कमी असले की सर्वांत आधी कात्री लागते ती गावात जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते. श्रोत्याच्या बाजूने पाहिले तर आपण पुन्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांच्या रांगेत जाऊन बसतो. १९५६ च्या त्या मूल्यमापनात अशा गावांची प्रगती किती झाली होती, हे मी आपल्याला सांगितलेच आहे.

प्रक्षेपण हा आपल्या संविधानाप्रमाणे केंद्राच्या सूचीतील विषय आहे. १९९० च्या कायद्यान्वये निर्माण झालेल्या आणि १९९७ पासून काम करणाऱ्या प्रसार भारतीकडे आकाशवाणी व दूरदर्शनचा कारभार आहे. राज्य शासन 'दिलखुलास' आणि 'जय महाराष्ट्र' यांसारख्या कार्यक्रमांद्वारे या माध्यमांतून जनतेशी संवाद साधीत आले आहे. परंतु लहरींची खरी मालकी कोणाची, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला : त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. मालमत्ता आपली असेल, तर तिच्या वापराविषयी बोलणे हा आपला अधिकार आहे आणि तिची काळजी वाहणे हे आपले कर्तव्य आहे.

आपण काय करावे

म्हणून तीन गोष्टी मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली गोष्ट वेळेची. जिल्ह्याच्या केंद्रावर जिल्ह्यासाठी राखलेला दैनंदिन वेळ निश्चित असावा आणि राज्यव्यापी कार्यक्रमासाठी तो हलविला जाऊ नये. हा वेळ टिकतो तो श्रोत्यांच्या प्रतिसादावर. ज्या केंद्राकडे गावोगावची पत्रे आणि दूरध्वनी येतात, त्याचा वेळ काढून घेणे कोणालाही सोपे नसते. ग्रामसभेत एखाद्या कार्यक्रमाविषयी बरे-वाईट बोलले गेले, तर ते ठरावरूपाने केंद्राला कळवा.

दुसरी गोष्ट आपत्तीची. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा निरोप केंद्रावरून किती मिनिटांत गावाला ऐकू येतो, याचा सराव पावसाळ्यापूर्वी करता येण्याजोगा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि शाळेत सेलवर चालणारा एक चालू रेडिओ असावा आणि तो कोणाकडे आहे हे गावाला ठाऊक असावे. यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पूर्वी ग्रामपंचायतीच्या संचाची बॅटरी तपासण्यासाठी माणूस येत असे. आता ते काम गावातील एका शिक्षकाने किंवा तरुण मंडळाने अंगावर घ्यावे.

तिसरी गोष्ट श्रोता मंडळाची. पुण्याच्या प्रयोगात पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत दिवस लागत. आज खिशातल्या यंत्रावर प्रश्न ध्वनिमुद्रित करून क्षणात पाठविता येतो. साधन इतके सुलभ झाले असताना वीस माणसांनी एकत्र बसून ऐकण्याची सवय मोडली आहे. महिला बचत गट, शेतकरी गट, वाचनालये यांनी आठवड्यातून एक अर्धा तास ठरवावा. तुरीवरील मर रोग असो, पीकविम्याची मुदत असो की भिंतीला गेलेली भेग असो. ऐकावे, बोलावे आणि आपला प्रश्न आपल्या बोलीत केंद्राकडे पाठवावा. आपली बोली प्रमाण मराठीपेक्षा उणी आहे, असा संकोच बाळगू नका. केंद्रातील मंडळींना खेड्यातील खरा आवाज हवाच असतो. तो त्यांच्यापर्यंत आपणच पोहोचवायचा आहे.

जाळ्याची एक गाठ मुंबईला असेल, एक परभणीला, एक नांदेडला. मासे पकडणाऱ्या कोळ्याला विचारा : जाळे टिकते ते शेवटच्या गाठीवर. आपल्या जाळ्याची शेवटची गाठ गावात आहे, आणि ती बांधणे गावाच्याच हाती आहे.

 आता माझे बोलणे थांबवितो आणि आपले प्रश्न ऐकतो.